दोराच्या अलीकडून

१९९४च्या सप्टेंबरात सुरतेहून पळालेली पाच घरं कनेरगाव नाक्यावर ट्रकमधून उतरली, त्याच्या आधीच त्यांची बातमी गावात पोचली होती. रेडिओवर दोन दिवस एकच चाललं होतं, सुरतेत प्लेग. नाक्यापासून गाव आत तीन किलोमीटर. ही माणसं मूळची गावचीच, बौद्धवाड्यातली. चार-पाच वर्षांपासून सुरतेला कापडाच्या कारखान्यांत आणि बांधकामांवर राबत होती. डोक्यावर गाठोडी आणि कडेवर लेकरं घेऊन ती वेशीपाशी आली, तर वेशीत माणसं काठ्या घेऊन उभी. पुढं येऊ नका म्हणाली.

संध्याकाळी आरोग्य केंद्राचे डॉक्टर जीप घेऊन आले. त्यांनी चोवीसच्या चोवीस जणांना तपासलं. ताप कुणालाच नव्हता. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि सांगितलं, खबरदारी म्हणून दहा दिवस यांना गावाबाहेरच्या शाळेत वेगळं ठेवा. दहा दिवसांत कुणाला हा रोग निघाला नाही, तर अकराव्या दिवशी यांनी आपापल्या घरी जायचं. शाळा माळावर होती, शाळेला सुट्टीच दिलेली होती. माळाकडं जाणाऱ्या रस्त्यावर दोन बाभळींना आडवा दोर बांधला गेला. दोरापासून शाळा अडीचशे पावलं. दोराच्या कडेच्या निंबाखाली अलीकडच्यांनी भाकरी ठेवायची आणि मागं यायचं, मग पलीकडच्यांनी येऊन ती न्यायची.

अंगणवाडी सेविका जिवनबाईला यात काही वावगं वाटलं नाही. रोग खोटा नव्हता, डॉक्टरांचं म्हणणं बरोबर होतं. जिवनबाई बौद्धवाड्यातलीच, अडतीस वर्षांची, सातवी शिकलेली. नवरा औंढ्याला सायकलीच्या दुकानात कामाला, आठवड्यातून एकदा घरी यायचा. पलीकडच्या भाकरीचं काम तिनं आपणहून अंगावर घेतलं होतं.

दुसऱ्या दिवशी ती निंबाखाली भाकरी ठेवून मागं फिरली, तेवढ्यात पलीकडून भागूबाई आली आणि लांबूनच बोलायला लागली. भागूबाई म्हणजे ग्यानोबाची बायको. तिला दोन लेकरं, नऊ वर्षांची आकांक्षा आणि चार वर्षांचा प्रज्ञेश. आकांक्षा सुरतेपासून एक शब्द बोललेली नव्हती. तिथं चाळीत शेजारच्या खोलीत तिच्याच वयाची एक पोरगी होती, दोघी दिवसभर बरोबर खेळायच्या. त्या पोरीला एका संध्याकाळी ताप चढला आणि दुसऱ्या दिवशी दुपारी तिला कापडात गुंडाळून नेलं. आकांक्षा दारात उभी होती. तिला कुणी काही सांगितलं नाही, सगळे गाठोडी बांधायच्या घाईत होते. तसंच दुसऱ्या घरातलं पोरगं, सात वर्षांचा प्रमोद, हरिचंदचा मुलगा. त्यानं बापाचा रुमाल तोंडाला बांधला होता, तो सोडायलाच तयार नव्हता. रुमालाखालून भाकरीचे तुकडे तोंडात सारायचा. बाकीची सात लेकरं झोपेत ओरडून उठत, उठली की आईला सोडत नसत.

एवढं सांगून भागूबाई थांबली. मग म्हणाली, "बाई, लेकरं इचारून राहिली, आपल्याला कवा जाळणार म्हणून."

जिवनबाईला आधी कळेना. मग उलगडा झाला. पहिल्या दिवशी दोरापाशी कुणीतरी मोठ्यानं म्हणालं होतं, जाळून टाका सगळं तिथंच. ते गाठोड्यांबद्दल होतं. गाठोडी खरंच जाळली गेली. पण लेकरांनी आधी ओरडणं ऐकलं होतं आणि मग जाळ पाहिला होता.

त्या दिवशी जिवनबाई घरी आली आणि तिनं अंगणवाडीचं रजिस्टर काढलं. मागच्या वर्षी परभणीला प्रशिक्षण होतं. तिथं औरंगाबादच्या एक डॉक्टरीणबाई आल्या होत्या, मुलांच्या मनाच्या डॉक्टर. मनाला पण डॉक्टर असतो म्हणून बाकीच्या सेविका पदराआड हसल्या होत्या. जाताना त्यांनी फळ्यावर फोन नंबर लिहिला होता, तो जिवनबाईनं रजिस्टरच्या शेवटच्या पानावर उतरवून घेतला होता.

सकाळी ती चालत नाक्यावर गेली. संतरामच्या एसटीडी बूथवर तिसऱ्या खेपेला फोन लागला. लाइनीत खरखर होती, म्हणून तिला सगळं ओरडून सांगावं लागलं, आणि बूथसमोर थांबलेल्या चार माणसांनीही ते ऐकलं. डॉक्टरीणबाईंनी मधे एकदाही तिला तोडलं नाही. शेवटी त्यांनी एकच विचारलं, आपल्याला इथं का ठेवलंय आणि किती दिवस ठेवणार, हे त्या मुलांना कुणी सांगितलंय का?

कुणीच सांगितलं नव्हतं. तिनंही नाही.

"मग आधी ते सांगा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "रोज एकाच वेळेला सांगा. प्रत्येकाचं नाव घेऊन बोला, आणि त्यांना काहीतरी उत्तर देता येईल असं करा. पण खोटा धीर देऊ नका. मुलांना जे सांगाल ते खरं निघालं पाहिजे."

"बाई, मला तिथवर जाता येत न्हाई. अडीचशे पावलांवर हायेत ती."

"मी तर औरंगाबादेत आहे. तरी बोलतोय ना आपण?"

परतीच्या वाटेवर जिवनबाईला विहाराचा भोंगा आठवला. रोज सकाळी त्यावर वंदना लागायची आणि ती माळापर्यंत ऐकू जायची.

चौथ्या दिवशी दुपारी चार वाजता तिनं विहारात माइक हातात घेतला. तिनं आधी नऊ नावं घेतली, एकेक करून. मग सांगायला लागली. तुम्हाला कुणी जाळणार नाही. जाळली ती गाठोडी, कारण कपड्यांत पिसवा असतात आणि पिसवांतून हा रोग येतो. तुम्हाला कोंडलं ते तुम्ही काही केलं म्हणून नाही. रोग आहे का ते दहा दिवसांत कळतं, म्हणून दहा दिवस. आज चौथा आहे. शाळेच्या वऱ्हांड्यात रुळाचा तुकडा टांगलाय, तीच शाळेची घंटा. मी नाव घेतलं की त्यानं एक ठोका मारायचा. ज्याला भ्या वाटून राहिलं त्यानं दोन मारायचे. भ्या वाटलं तरी चालतं.

मग तिनं पुन्हा पहिलं नाव घेतलं आणि माइक बाजूला धरून कान दिला. बराच वेळ काहीच नाही. मग माळावरून दोन ठोके आले. दुसऱ्या नावाला दोन. प्रमोदला दोन. प्रज्ञेशचे ठोके बहुतेक ग्यानोबानं उचलून धरून मारू दिले असावेत, कारण ते दोन नव्हते, सात-आठ होते. आकांक्षाच्या नावाला एकही नाही. जिवनबाईनं तिचं नाव पुन्हा घेतलं नाही. "आकांक्षा, तू नुसती ऐक," एवढंच म्हणाली आणि उद्या चार वाजता येते म्हणून माइक बंद केला.

सगळ्या गावानं हे ऐकलं होतं. पाचव्या दिवशी सकाळी सरपंच शिवशंकरराव स्वतः बौद्धवाड्याच्या तोंडाशी आले. ते वाईट माणूस नव्हते, पण घाबरलेले होते. त्यांच्या धाकट्या बहिणीला बघायला वाशीमचे पाहुणे यायचे होते, ते नाक्यावर नुसतं ऐकूनच परत गेले होते. भोंग्यावर रोगाचं नाव घेऊन तू गावाची अब्रू घालवतेस, आमची लेकरंही घाबरतात, हे बंद कर, असं त्यांनी जिवनबाईला सांगितलं.

जिवनबाई म्हणाली की रेडिओ रोज तेच नाव घेतो, तो बंद करायला सांगा. आणि गावातली लेकरं घाबरत असतील तर त्यांना माझ्याकडं पाठवा, त्यांनाही सांगते. हे ऐकून मागं उभ्या माणसांत चुळबुळ झाली. सरपंचांनी नोकरीची आठवण करून दिली, तालुक्याला मुख्यसेविकेकडं तक्रार जाईल म्हणाले.

"लेखी द्या," जिवनबाई म्हणाली. "मी बी लेखी उत्तर देईन. चार वाजता मात्र मी बोलणार."

ती चार वाजता बोलली. त्या दिवशी तीन लेकरांनी एकच ठोका मारला.

सहाव्या दिवशी पहाटे प्रमोदला ताप भरला. तोंडाला फडकी बांधलेली माणसं जीपमधून आली आणि त्याला आणि त्याच्या आईला घेऊन गेली. लेकरांनी हे सगळं वऱ्हांड्यातून पाहिलं. जिवनबाईला हे दोरापाशी कळलं. ती तशीच नाक्यावर गेली. फोनवर तिनं विचारलं, लेकरांना काय सांगू? बरा होऊन येईल असं सांगू का?

"तुम्हाला ते माहीत आहे का?"

"न्हाई."

"मग ते सांगू नका. जे माहीत आहे तेवढंच सांगा. आणि माहीत नाही ते माहीत नाही म्हणा. त्यांनी एकदा पाहिलंय, त्यांच्याशी कुणी बोललं नाही तेव्हा काय झालं ते."

जिवनबाईला हे पटलं नव्हतं. लेकराला धीर द्यायचा नाही तर काय द्यायचं, असं सगळ्या वाटेत तिच्या मनात येत राहिलं. पण चार वाजता माइक हातात घेतल्यावर तिनं तसंच केलं. प्रमोदला ताप आलाय, म्हणाली. त्याला हिंगोलीच्या दवाखान्यात नेलंय, त्याची आई त्याच्याजवळ आहे. त्याचं रक्त तपासायला घेतलंय. ताप कशाचा ते अजून कुणालाच माहीत नाही, मला बी न्हाई. कळलं की त्याच दिवशी चार वाजता तुम्हाला सांगीन, काही बी कळो. मग तिनं नावं घेतली. प्रमोदचंही घेतलं आणि त्याच्या ठोक्याला लागला असता तेवढा वेळ थांबली.

सातव्या दिवशी दुपारी विहाराची वीज गेली. खांबावरून आलेली वायर कुणीतरी कापली होती, तोडलेलं टोक भिंतीवर लोंबत होतं. चार वाजायला थोडाच वेळ उरला होता. जिवनबाई वायरीकडं बघत उभी राहिली. मग ती रुक्माबाईच्या दारात गेली. रुक्माबाई बौद्धवाड्यातली सगळ्यांत वयस्क बाई. तिनं लहानपणी ऐकलं होतं, निजामाच्या काळात गाठीचा रोग, म्हणजे हाच प्लेग, आला की सगळं गावच उठून रानात झोपड्या घालून राहायचं, तेव्हा कोण कुणाला दोर बांधणार. जिवनबाईनं तिला काय हवं ते सांगितलं. रुक्माबाईनं विचारलं नाही, ती उठलीच. पुढच्या दहा मिनिटांत अकरा बायका दोरापाशी उभ्या होत्या. दोर कुणी ओलांडला नाही.

जिवनबाई एक वाक्य म्हणायची, आणि अकरा जणी मिळून तेच वाक्य माळाकडं तोंड करून मोठ्यानं म्हणायच्या. आज सातवा दिवस. वायर तोडली, म्हणून आमी इथून बोलून राहिलो. प्रमोदची खबर अजून आली न्हाई. नावं घेताना रुक्माबाईचा आवाज फाटला, तरी तिनं नऊच्या नऊ नावं पुरी केली. माणसं वेशीतून बघत होती. काठी घेऊन पुढं मात्र कुणी आलं नाही.

त्या दिवशी बायकांना उत्तर आलं ते घंटेचं. पण आणखी एक गोष्ट पलीकडं घडली होती, ती जिवनबाईला चार दिवसांनी भागूबाईकडून कळली. अकरा आवाजांत एक नाव चुकलं होतं. सुमनची मुलगी ऐश्वर्या, तिला बायकांनी ईश्वरी म्हटलं. वऱ्हांड्यात बसलेली आकांक्षा उठली आणि बारीक, चिडलेल्या आवाजात म्हणाली, "ईश्वरी न्हाई, ऐश्वर्या." सुरतेनंतरचे तिचे पहिले शब्द ते. भागूबाई हातातलं काम टाकून तशीच बसून राहिली. मग आकांक्षानं जाऊन ऐश्वर्याच्या नावाचा ठोका स्वतः मारला. जिवनबाईला यातलं काहीच माहीत नव्हतं. ती घरी आली तेव्हा तिचा घसा बसला होता आणि आपण उगीच घसा फोडतो आहोत का, असं वाटून ती चुलीपुढं बराच वेळ नुसती बसली होती.

आठव्या दिवशी खबर आली. प्रमोदला हिवताप होता. रक्तात तसंच निघालं होतं. गोळ्यांनी ताप उतरला होता, पाच-सहा दिवसांत पाठवतो म्हणाले. चार वाजता अकरा बायकांनी ते माळाला सांगितलं. शेवटचं वाक्य म्हणताना त्यांतल्या दोघींना हसू आवरेना, आणि रुक्माबाईनं त्यांना दटावलं.

पण नवव्या दिवशी सरपंचांनी निरोप धाडला. नवरात्र तोंडावर आलंय, गावात घट बसायचेत, ताप तर निघालाच होता, तेव्हा या लोकांनी दसऱ्यापर्यंत माळावरच राहावं. गावाचं असं ठरलंय. जिवनबाईनं विचारलं, गाव म्हणजे कोण कोण बसलं होतं? निरोप आणणाऱ्याला ते सांगता येईना.

त्या संध्याकाळी बौद्धवाड्यात बसून बोलणं झालं. काही जण म्हणाले, आणखी दहा-बारा दिवसांचा प्रश्न आहे, कशाला वाद वाढवता, उद्या रानात कामाला कुणाकडं जायचंय आपल्याला? ते खोटं नव्हतं. जिवनबाईनं ऐकून घेतलं. मग ती म्हणाली की मोठ्यांचं मोठ्यांनी बघावं. पण मी लेकरांना दहा दिवस सांगितलेत. रोज एकेक मोजून सांगितलाय. चौथ्या दिवशी त्यांनी माझं ऐकलं ते मी खरं बोलते म्हणून. उद्या मी दसऱ्यापर्यंत म्हणाले, तर परत त्या लेकरांना कुणाचंच खरं वाटणार न्हाई.

दहाव्या दिवशी डॉक्टर जीप घेऊन आले. त्यांनी सगळ्यांना पुन्हा तपासलं आणि ताप कुणाला नाही, उद्या सकाळपासून यांना घरी जायला हरकत नाही, असं सही-शिक्क्यानिशी लिहून दिलं. त्याची एक प्रत पंचायतीत गेली, एक जिवनबाईनं मागून घेतली. चार वाजता अकरा बायकांनी माळाला सांगितलं, उद्या सकाळी आठ वाजता आमी तुमाला न्यायला येतो.

अकराव्या दिवशी आठ वाजता दोरापाशी पंधरा-वीस माणसं उभी होती, पुढं शिवशंकरराव. जिवनबाई आली, तिच्या मागं बायका. तिनं डॉक्टरांचा कागद पुढं धरला. सरपंच म्हणाले, कागद मी वाचलाय, गावाचं म्हणणं वेगळं आहे.

"सरपंच," जिवनबाई म्हणाली, "दहा दिवस आमच्यातल्या एकीनं हा दोर वलांडला न्हाई. डॉक्टरांचा सबूद होता म्हणून. आज बी त्यांचाच सबूद हाय. तुमाला रोगाचं भ्या होतं का आमचं, ते आता गावाला दिसंल."

जिवनबाईनं बाभळीची गाठ सोडायला घेतली. दहा दिवसांच्या दवानं दोर आवळला होता, गाठ सुटेना. रुक्माबाई पुढं आली, मग आणखी एकजण. तिघी नखांनी गाठ सोडत राहिल्या आणि माणसं बघत राहिली. त्यांतला एकही हात आडवा आला नाही. दोर सुटून रस्त्यावर पडला तेव्हा बायका त्यावरून चालत माळाकडं निघाल्या.

लेकरं वऱ्हांड्यात ओळीनं उभी होती. कुणी धावत आलं नाही. अकरा दिवसांत त्यांनी जिवनबाईला जवळून पाहिलं नव्हतं, आणि लहानग्यांना ती कोण हेही नीट माहीत नव्हतं. आकांक्षा पुढं आली आणि जिवनबाईच्या तोंडाकडं बघत उभी राहिली. "तुमचाच आवाज का?" तिनं विचारलं. जिवनबाईचा घसा पुरता बसला होता, तिला नुसती मान हलवता आली. आकांक्षाला ते पुरेसं वाटलं असावं. तिनं प्रज्ञेशला कडेवर घेतलं आणि चालायला लागली. तीन दिवसांनी प्रमोदही आला, रुमाल बांधूनच. तो रुमाल त्यानं दिवाळीनंतर कधीतरी सोडला. जिवनबाईनं त्याबद्दल फोनवर विचारलं होतं, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी तो ओढून काढायचा नाही एवढंच बजावलं होतं.

मुख्यसेविकेची नोटीस आली. विनापरवाना भोंगा वापरल्याबद्दल आणि गावात घबराट पसरवल्याबद्दल खुलासा करावा. जिवनबाईनं चार ओळींत उत्तर लिहिलं. भोंगा वापरला. विचारायला वेळ नव्हता. लेकरं नऊ होती, त्यांची नावं खाली दिली आहेत. पुन्हा असं झालं तर पुन्हा वापरीन. नोकरी गेली नाही, पण पुढच्या दोन वर्षांत तिला एकाही प्रशिक्षणाला बोलावलं नाही.

एवढे दिवस बंद असलेली अंगणवाडी तिनं उघडली, तर सुरतेच्या घरांतली लहानगी आणि बौद्धवाड्यातली दोन, एवढीच लेकरं आली. गावानं आपली घरी ठेवली. जिवनबाई रोज वेळेवर दार उघडायची आणि जेवढी येतील तेवढ्यांची सुकडी शिजवायची. कुणाच्या दारात बोलवायला गेली नाही. पंधरा दिवस असेच गेले.

सोळाव्या दिवशी शालूबाई आली. सरपंचांची भावजय. तिनं चार वर्षांच्या शिवकन्येचं बोट धरलं होतं. ती दारातच थांबली आणि आत नजर फिरवली. लेकरं चटईवर मांडी घालून बसली होती, प्रज्ञेशच्या शेजारी जागा मोकळी होती. शालूबाईनं विचारलं, पोरीला कुठं बसवू? तिची नजर भिंतीकडच्या कोपऱ्याकडं गेलेली जिवनबाईला दिसली.

"तिथं बसंल ती, प्रज्ञेशजवळ," जिवनबाई म्हणाली. "येगळी जागा न्हाई हितं."

शालूबाई क्षणभर उभी राहिली. मग तिनं पोरीचं बोट सोडलं.